दाजींचा बिनतिकीट प्रवासी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. अक्काला तर नाहीच नाही. आणि मी सांगणारा माणूस आहे हो! आमच्या घराण्यात बारसं असो की लग्न, चार माणसं सतरंजीवर बसली की कुणीतरी म्हणतंच, ‘मास्तर, सांगा की काहीतरी.’ मग मास्तर, म्हणजे मी, घसा खाकरतो, आढेवेढे घेतल्यासारखं करतो (ते खोटं असतं, मी वाटच बघत असतो) आणि सुरू होतो. कुणाच्या हळदीत कुणाचं धोतर सुटलं, कुणी सोयरीक बघायला जाऊन भलत्याच घरात चहा पिऊन आलं — सगळा माल माझ्याकडं जमा. मग ही एकच गोष्ट का गिळून बसलो? खरं सांगू का — गिळलेली नाहीच. ती मी सांगतच आलोय. लोकांना पोट धरून हसवत आलोय. फक्त अर्धी.

आधी माझी लायकी सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं इंग्रजी केवढं? सहावीच्या पुस्तकाएवढं, आणि वर चिमूटभर. पण येडशीत आमच्या भावकीत तेवढंही कुणाकडं नव्हतं, तेव्हा मी विद्वान ठरलो. इंग्रजी कागद आला की मास्तरकडं. बँकेचा असो, विम्याचा असो, दवाखान्याचा असो. वाचायलाही मास्तरकडं आणि सांभाळून ठेवायलाही मास्तरकडंच. अशी रीतच पडून गेली. माझ्या कपाटात अख्ख्या भावकीची रक्त-लघवी फाइल लावून ठेवलेली आहे, म्हणा ना.

आणि वर्षावासात विहारात ग्रंथवाचनही माझंच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी पांढरे कपडे घालून मी समोर बसतो. आधी सगळ्यांकडून त्रिसरण-पंचशील म्हणून घेतो, मग एक परिच्छेद वाचायचा, थांबायचं, अर्थ सांगायचा. लोक म्हणतात, ग्रंथापेक्षा मास्तरचा अर्थ गोड. तर या गोडीचं गुपित असं की, एखादा शब्द मला अडला — आणि पुष्कळ अडतात — तर मी चष्मा काढतो, उपरण्यानं पुसतो आणि एक विनोद करतो. लोक हसतात. हसणं ओसरेपर्यंत तो शब्द मागं पडलेला असतो. कुणालाच कळत नाही. इतकी वर्षं कुणालाच कळलेलं नाही.

हा सगळा पाल्हाळ कशासाठी? — तुम्ही ओळखलं असेल. आडवाटेनं चाललोय. सरळ वाटेवर दाजी उभे आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी कंडक्टरच राहिले. पंगतीत वाढताना ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणायचे, आणि कुणी दारात घुटमळला की ‘या, जागा हाय.’ मला ‘मास्तर’ म्हणायचे आणि त्या एका शब्दात आदर आणि टिंगल असं दोन्ही कोंबायचे. मेव्हण्याची टिंगल करणं हा त्यांचा हक्कच. एकदा त्यांना विचारलं होतं, तिकीट न काढलेला माणूस भरगच्च गाडीत ओळखता कसा? म्हणाले, ‘तोंडाकडं न्हाय बघायचं मास्तर. तोंड लई सोंगं करतंय. हाताकडं बघायचं. खोट्या माणसाला हात कुठं ठेवावं ते कळत न्हाय.’

त्यांना रक्त पडायला लागलं तेव्हा, आपल्याकडं सगळे म्हणतात तसं, सगळ्यांनी मूळव्याध म्हटलं. सुरणाची भाजी झाली, ताक झालं, कुणीतरी कसला पाला आणून दिला. थांबेना, तेव्हा मी त्यांना सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आतड्यात दुर्बीण घालून बघितलं. आधी पोट साफ करायचं औषध बाटलीभर प्यायला दिलेलं होतं. दाजी म्हणाले, ‘डेपोत गाडी बी इतकी धुत न्हाईत.’ दुर्बिणीत आतल्या अस्तरावर एक मोठा कोंब सापडला — पॉलिप म्हणतात त्याला. बाईंनी तो तिथल्या तिथं काढला आणि तपासायला पाठवला. म्हणाल्या, रिपोर्ट आला की मला आणून दाखवा.

रिपोर्ट मी आणला. पण बाईंना दाखवायच्या आधी तो घरी आला. अक्काच्या अंगणात सगळी भावकी जमलेली. अक्का पदराचं टोक चावत उंबऱ्यात बसलेली. दाजी बाजेवर. आणि मी खुर्चीत, चष्मा लावून, जसा विहारात बसतो तसाच. सगळ्यांना एकच शब्द ऐकायचा नव्हता. मी कागद वरून खाली बघितला. तो शब्द नव्हता. मी सांगून टाकलं, ‘कॅन्सर न्हाय.’ अक्का जी रडायला लागली! कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं, मास्तर, सगळं वाचा, अर्थ सांगा. मी वाचायला लागलो. एक ओळ, एक अर्थ. आणि मग एक शब्द आला — हाय ग्रेड डिस्प्लेसिया.

मला तो शब्द येत नव्हता.

एवढंच म्हणायचं होतं, ‘हा शब्द मला येत नाही, बाईंना विचारतो.’ किती लहान वाक्य आहे! वर्गात पोरांना मी हेच शिकवतो, की येत नाही म्हणायला लाजू नका. पण अंगण भरलेलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी चष्मा काढला. पुसला. आणि म्हणालो, ‘त्याचं काय झालं दाजी, तुमच्या गाडीत एक बिनतिकीट प्रवासी घुसला होता. बाईनं चेकिंग केलं, त्याला धरला आणि खाली उतरवला. डबल बेल!’

अंगण हसून लोळलं. दाजी सगळ्यांत मोठ्यानं. म्हणाले, ‘तिकीट न्हाय, आन वर खिडकीची जागा!’ रडणारी अक्काही हसली. माझ्या आयुष्यात इतका जमलेला विनोद दुसरा नाही. शब्द मागं पडला. कागद घडी घालून मी खिशात ठेवला.

इथपर्यंतचं सगळं आमच्या भावकीला तोंडपाठ आहे. हीच ती अर्धी गोष्ट.

त्या आठवड्यात मी एकटाच सोलापूरला गेलो. दाजी म्हणाले होते, ‘मला कशाला वढायलाव उगी, तुमीच दाखवून या.’ बाईंनी रिपोर्ट वाचला आणि मला विचारलं, काय करता तुम्ही? मास्तर म्हटल्यावर त्यांनी मला मास्तरला कळेल असंच समजावलं. म्हणाल्या, परिपाठाला पोरं रांगेत उभी असतात ना, तशा चांगल्या पेशी असतात, आपापल्या जागी, सारख्या अंतरावर. कोंबातल्या पेशी चुळबूळ करायला लागल्या की ती बिघाडाची सौम्य पायरी. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. इथं रांगच राहिलेली नाही, म्हणाल्या. ढकलाढकली चाललीय. पण अजून कुणी वर्गाचं दार ओलांडलेलं नाही. अस्तर ओलांडून खाली घुसल्या की त्याला कॅन्सर म्हणायचं. हा कॅन्सर नाही, त्याच्या अलीकडची शेवटची पायरी आहे. आणि कोंब मोठा होता, अखंड निघाला नाही, तुकडे करून काढावा लागला. म्हणून कडेला काही उरलंय का, ते या कागदावरून सांगता येत नाही. तीन महिन्यांनी परत दुर्बीण घालून ती जागा बघायचीच. त्यांच्या मुलालाही चाळिशीला तपासून घ्यायला सांगा.

‘बघायचीच,’ म्हणाल्या. त्यातला ‘च’ मला अजून ऐकू येतो. परत विचारलं, ‘सांगाल ना त्यांना नीट?’ मी म्हणालो, ‘सांगतो मॅडम.’

येताना गाडी तुळजापूरला थांबली. कपाळभर कुंकू लावलेली, दर्शन करून आलेली माणसं चढली, गाडी भरून गेली, शेजारच्या बाईनं मला पेढा दिला. मी मनात वाक्य जुळवत होतो. ‘दाजी, ते पूर्ण संपलेलं नाही.’ ‘दाजी, अजून एकदा जायला लागेल.’ सोपी वाक्यं होती. सहावीतलं पोरही इंग्रजीत करील अशी.

येडशीला उतरलो, तर दाजी स्टँडवरच होते. जुने ड्रायव्हर-कंडक्टर घोळका करून उभे, आणि दाजी त्यांना बिनतिकीट प्रवाशाची गोष्ट सांगत होते. मला बघितल्यावर ओरडले, ‘हे बगा, आले आमचे चेकर!’ सगळे हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मला — काय सांगू? — मला बरं वाटलं. ते वाक्य मी पेढ्याबरोबर गिळलं. म्हटलं, उद्या सांगू.

मग उद्या, परवा करत वर्षावास लागला. रोज संध्याकाळी दाजी पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे, अक्का बायकांच्या बाजूला. आणि पंचशील मी सांगायचो, सगळ्यांनी माझ्या मागं म्हणायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं की मी खोकायचो. रोज तिथंच. पोरांनी माझी नक्कल करायला सुरुवात केली: चौथं शील म्हटलं की आधी खोकायचं. अजून खोकतात. विहारातली लहान पोरं समजतात, ते तसंच म्हणायचं असतं.

तुम्ही म्हणाल, गप्प राहिलास, खोटं तर बोलला नाहीस. मीही तेच म्हणायचो स्वतःला. म्हणत राहता आलं असतं. पण रामलिंगला ते घडलं.

रामलिंग म्हणजे येडशीजवळचं महादेवाचं देऊळ, आणि आम्ही देवाला जाणारी माणसं नव्हेत. पण पावसाळ्यात रामलिंगचा धबधबा बघायला, भजी खायला आणि माकडांना ती हिसकावू द्यायला जातोच. त्या दिवशी बायका-पोरं पाण्याकडं गेलेली, आणि एका दगडावर दाजी आणि मी. एक लहानगं माकड आमच्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेलं. दाजी त्याला म्हणाले, ‘तुझं तिकीट कुठाय रं?’ आणि हसले. मग पाण्याकडं बघतच म्हणाले:

‘मास्तर, एक इचारू का? गाडीत एक बिनतिकीट सापडला, का आमी आख्खी गाडी परत मोजायचो. एकटा कधीच नसतोय त्यो. ह्या बाईनं परत मोजायला न्हाय व्हय बोलावलं?’

बघा — त्यांना कळलं होतं. माझ्याच विनोदातून वाट काढत ते खऱ्यापर्यंत पोचले होते. इंग्रजीचं एक अक्षर न येता. आणि त्यांनी मला रस्ता इतका सोपा करून दिला होता की मला नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. एक शब्द. वर ‘बोलावलंय, विसरलोच होतो बगा’ म्हणून डोक्यावर हात मारला असता, तर तेही हसून सोडून देणार होते.

मी म्हणालो, ‘न्हाय दाजी. गाडी रिकामी हाय.’

हेच ते. एवढंच. आता सांगून झालं आणि — किती लहान दिसतंय, नाही?

मी ते का बोललो? त्यांना भीती वाटू नये म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला पटवलं. मायेपोटी. पण माया असती तर पाय दुखेस्तोवर त्यांना ओढत सोलापूरला नेलं असतं. खरं कारण मला त्या दगडावरच माहीत होतं. ‘व्हय’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ‘मग त्या दिवशी अंगणात का न्हाय सांगितलं?’ आणि मग सांगावं लागलं असतं की, मला तो शब्द आलाच नव्हता. मास्तरला शब्द आला नव्हता. तेवढ्यासाठी. दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, ‘मग झ्याक.’ आणि भज्याचा तुकडा माकडाला टाकला.

दाजी तब्येतीनं ठणठणीत होते. तीन महिने कधीच उलटले. मी रोज त्यांना बघायचो आणि मनात म्हणायचो, बघ, काही झालं का? काही झालं नाही. माझा खोटेपणा हळूहळू मला शहाणपणा वाटायला लागला.

मग दाजींच्या पट्ट्याला मोच्याकडून नवीन भोक पाडून आणावं लागलं. मग अजून एक. अक्का म्हणाली, उन्हाळ्यानं वाळलेत. दुसऱ्या पावसाळ्यात पोट फुगलं आणि आम्ही त्यांना सोलापुरातच, पण वेगळ्या दवाखान्यात नेलं. जागा तीच होती. आता तो शब्द आला, आणि तो वाचायला मास्तर लागला नाही. यकृतापर्यंत गेलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मागं कोंब काढला तेव्हा परत तपासणीला यायला सांगितलं नव्हतं का? खोलीत अक्का होती, पुण्याहून नोकरीवरून धावत आलेला त्यांचा मुलगा सुनील होता. दोघांनी माझ्याकडं बघितलं. अक्का म्हणाली, ‘बाळू, तूच गेलतास की दाखवायला?’ पन्नाशीतला मी, तिच्यासाठी बाळूच. मी म्हणालो, ‘त्या बाईंनी तसं काही सांगितलं नाही.’

पहिलं खोटं एका माणसाला सांगितलं होतं. हे दुसरं — एका बाईच्या डोक्यावर ठेवलं. जिनं मला परिपाठाची रांग काढून समजावलं होतं. जिनं विचारलं होतं, सांगाल ना नीट?

बोलून झाल्यावर मी दाजींकडं बघितलं. ते पडल्या पडल्या बघत होते. माझ्या तोंडाकडं नाही. हाताकडं. आणि माझे हात — देवाशपथ म्हणायची सोय आम्हाला नाही, पण खरं सांगतो — माझे हात आधी खिशात गेले, मग बाहेर आले, मग पाठीमागं गेले. दाजींनी पाय जरासे ओढून घेतले, खाटेवर थोडी जागा केली आणि म्हणाले, ‘बसा मास्तर. जागा हाय.’

मी बसलो. ते पुढं काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. कंडक्टर कधी कधी सोडून देतो, म्हणायचे ते — माणूस बघून.

दाजी गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. भाषणं झाली, आणि मग कुणीतरी म्हणालं, मास्तर, दाजींचा तो बिनतिकिटाचा किस्सा सांगा, त्यांना लई आवडायचा. मी नको म्हणायला पाहिजे होतं ना? मी उठलो. घसा खाकरला. सांगितला. त्यांचा आवाजही काढला — ‘वर खिडकीची जागा!’ लोक हसले, हसता हसता रडले. अक्का पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी ‘डबल बेल’ म्हणालो आणि खाली बसलो.

तेव्हापासून एसटीत बसलो आणि गाडी सुटायच्या आधी कंडक्टर माणसं मोजत मागं यायला लागला, की मी खिडकीबाहेर बघतो. तिकीट हातात असतं. तरी.

अक्का त्या बाईंना अजून शिव्या देते. पावण्यारावळ्यांत सांगते, त्या दवाखान्याची पायरी चढू नका. मी समोर असतो. चहा पीत असतो.

मागच्या वर्षी सुनीलनं चाळिशी ओलांडली. पुणं सोडून आता तो धाराशिवला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी त्याच्या मागं लागलो, दुर्बिणीची तपासणी करून घे. का, म्हणून विचारलं त्यानं. ‘आजकाल सगळेच करतात,’ म्हणालो. म्हणजे खरी गोष्टही मला खोट्याच्या दारातूनच सांगावी लागली. तो लातूरला गेला. सोलापूरचं नाव अक्कानं काढू दिलं नाही. त्यालाही एक कोंब निघाला. लहान. काढला.

रिपोर्ट घेऊन तो अक्काच्या अंगणात आला. त्याला इंग्रजी येतं, माझ्यापेक्षा बरं येतं, पण म्हणाला, ‘मामा, तुमीच वाचा.’ खुर्ची टाकली. भावकी गोळा झाली. सगळ्यांची तोंडं मला ओळखीची होती — हसायच्या तयारीतली.

मी वाचला. एकेक शब्द. विनोद केला नाही. सांगितलं, पेशींची रांग जराशी हललीय, बिघाडाची सौम्य पायरी आहे. कोंब अखंड निघालाय, कडा स्वच्छ आहे. काही वर्षांनी परत बघायचं, बघायचंच, कधी ते डॉक्टरांनी खाली लिहून दिलंय. आणि एक शब्द मला अडला, तेव्हा म्हणालो, हा शब्द मला येत नाही, सुनील, डॉक्टरांना विचार. कुणी हसलं नाही. कुणाला त्यात काही वाटलंही नाही. मास्तरला एक शब्द येत नाही — झालं. पुढं.

अक्का उंबऱ्यातून म्हणाली, ‘बघ बाळू, ह्या डॉक्टरनं कसं समदं सांगितलंय. परत कवा यायचं ते बी. ती सोलापूरची बाई — तिच्या तोंडाला काय कुलूप हुतं का रं?’

सगळे माझ्याकडं बघत होते. मी चष्मा काढला. पुसला. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून कागदाखाली घातले.

‘व्हय अक्का,’ मी म्हणालो.